विंचवावरचं पोर्तुगीज

पोर्तुगीज भाषा मी बारामतीत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेनं फिरत, एकट्यानं शिकलो. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐटीत म्हटलं आहे. समोरच्याला पोर्तुगीज येत नसलं म्हणजे ते फार शोभतं. आता खरं काय झालं ते सांगून टाकतो.

मी तेव्हा बारामतीच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवत होतो. पगार बेताचा आणि स्वतःच्या बुद्धीबद्दलचं मत भरघोस. वृत्तं, गण, लघु-गुरू यांत माझा हात धरणारा बारामती तालुक्यात कुणी नव्हता. इंदापूर तालुक्यातही नव्हता, कारण आमचं घर इंदापुरात होतं आणि तिथं मी हे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

माझे मामा बेळगावला नोकरीला होते. त्यांनी गोव्याकडची एक मुलगी सुचवली. फोंड्याच्या एका वकिलांची धाकटी. बघण्याचा कार्यक्रम मामांच्याच घरी ठरला. मुलगी पोहे घेऊन आली, खाली मान घालून बसली. शिक्षण काय झालंय, असं आईनं विचारलं. मराठी घरी शिकले आणि पोर्तुगीज शाळेत पहिली परीक्षा झाली आहे, असं तिनं सांगितलं. यावर शहाण्या माणसानं नुसतं 'वा' म्हटलं असतं. मी म्हटलं की व्याकरण पक्कं असलं की कुठल्याही भाषेचं काही वाटत नाही, मला तर पोर्तुगीज शिकायला एक पावसाळा पुरे.

ती हसली. मान खालीच होती, आवाजही नव्हता, पण तिच्या हातातल्या ताटातल्या बशा खुळखुळायला लागल्या. तिथंच माझा निकाल लागला. ते हसू आपल्या घरात असावं असं मला वाटलं आणि ते माझ्यावरच होतं हे कळायला पुढं बराच काळ जायचा होता.

तिचे वडील मात्र हसले नाहीत. त्याला कारण होतं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि लग्न झालं की सरकारी कचेरीत जाऊन त्याची पोर्तुगीजमध्ये नोंद करावी लागे. त्यांच्या मोठ्या जावयाच्या वेळी कचेरीतल्या कारकुनानं काहीतरी विनोद केला. सगळे हसले आणि जावईबापूही सगळ्यांबरोबर मनमोकळे हसले. विनोद त्यांच्यावरच होता. ते शल्य वकीलसाहेबांच्या मनात रुतून बसलं होतं. दुसरा जावई तरी स्वतःच्या लग्नाचा कागद स्वतः वाचणारा हवा, अशी त्यांची इच्छा होती आणि मी आपण होऊन त्यांच्या जाळ्यात उडी मारली होती.

"ठीक," ते म्हणाले. "दिवाळीनंतर फोंड्याला या. मी पाटीवर एक क्रियापद लिहीन. ते तोडून दाखवा, मग पुढचं बोलू."

तोडून म्हणजे उच्चाराचे तुकडे पाडून. ज्याला क्रियापद बरोबर तोडता येतं तोच भाषा वाचतो, बाकीचे ओठ हलवतात, असं त्यांचं मत होतं. आठवड्याभरात त्यांनी टपालानं व्याकरणाचं पुस्तकही धाडून दिलं.

पुस्तक मी त्याच रात्री उघडलं. साधी क्रियापदं ठीक होती. पण पुढं पुढं एकेक असा अवघड जिन्नस भेटायला लागला की ज्याचं नाव ते. त्यातला एक मला जन्मभर पुरला. देणे या क्रियापदाचं ते एक रूप. अर्थ, 'आम्ही त्याला दिलं असतं'. हे सगळं एका शब्दात. त्यातला 'त्याला' मागं नाही, पुढं नाही, क्रियापदाच्या पोटात कोंबलेला. आमच्या इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत दोन पोत्यांच्या मध्ये बसलेला उतारू दिसतो तसा तो मला दिसे.

बारामतीत पोर्तुगीज जाणणारं माणूस औषधालाही नव्हतं. पण मी वृत्तांचा मास्तर होतो. मी तो शब्द देवनागरीत लिहून काढला आणि आपल्या रीतीनं अक्षरं मोजली. कर्म या शब्दाची क आणि र्म अशी दोन अक्षरं आपण धरतो, त्याच चालीवर मी तोडलं: दा, र्ल्हे, या, मोस. चारही अक्षरं गुरू. आणि मला साक्षात्कार झाला, की मंदाक्रांता वृत्ताची सुरुवातही चार गुरूंनीच होते. म्हणजे ही भाषा चालीवर म्हणता येते. हे त्या देशातल्या विद्वानांच्याही लक्षात आलं नसेल, या विचारानं मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. अशी चूक करायला माणूस नुसता अडाणी असून भागत नाही. त्याला लहानपणापासून गण घोकलेले असावे लागतात.

खोलीत मोठ्यानं म्हणायला लागलो तर शेजारच्या बिऱ्हाडानं घरमालकाकडं तक्रार केली. म्हणून मी पहाट फुटली की कालव्याकडं जाऊ लागलो. पाठीमागं हात बांधून, डोळे अर्धवट मिटून, मंदाक्रांतेच्या चालीवर 'दा र्ल्हे या मोस' म्हणत मी मैलभर जायचो आणि मैलभर यायचो. 

त्या वाटेवर एका बागाईतदाराचे वांगी-मिरचीचे वाफे होते. त्याला सगळे तात्या म्हणत. तो पहाटेच पाण्यावर असे. तो रामराम घाली आणि मला ऐकू जात नसे, कारण मी त्या वेळी पोर्तुगालात असायचो. काही दिवस त्यानं हे पाहिलं. मग एकदा खोऱ्याला हात टेकून तो वाटेत उभा राहिला आणि हे कशाचं हाय, असं त्यानं हळू आवाजात विचारलं.

मुलीसाठी चाललंय हे सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी म्हटलं, "आहे एक. सांगण्यासारखं नाही."

याहून वाईट उत्तर त्या मुलखात मला देता आलं नसतं. ज्याच्याकडं मंत्र असतो तो माणूस अगदी हेच म्हणतो. तात्यानं मान हलवली, वाट सोडली आणि त्या दिवसापासून मी जवळून गेलो की तो पागोटं नीट करू लागला. मला वाटलं, विद्येचा मान आहे.

पावसाळा सुरू झाला आणि एका दुपारी तात्या माझ्या दारात आला. पाचट उचलताना बोटाला विंचू चावला होता. उजवं मनगट डाव्या हातानं आवळून धरलेलं, तोंडावर घाम, मागं दोन शेजारी. मास्तर, तेवढं म्हणा, असं तो म्हणाला. मी सांगितलं की मला मंत्र येत नाही. त्यावर एका शेजाऱ्यानं दुसऱ्याकडं समाधानानं पाहिलं. मी म्हटलं, ती परकी भाषा आहे, नुसतं व्याकरण आहे. ते तर त्यांना फारच पटलं. खरा मंत्र कळणाऱ्या भाषेत कुठं असतो? मी जितकं नाही म्हणावं तितका माझा मंत्र जालीम ठरत चालला. इकडं तात्याचा चेहरा पाहवत नव्हता. म्हटलं, एकदा म्हणून टाकू, म्हणजे हे गप होतील आणि मग याला दवाखान्यात नेता येईल.

मी म्हटलं. शेजाऱ्यांनी माझा हात धरून तात्याच्या खांद्यावर ठेवला आणि तिथून बोटापर्यंत खाली उतरवायला सांगितलं. शेवटी बोटावर फुंकर घालायची. मी सांगितलं तसं केलं. दा र्ल्हे या मोस, फू.

"कुठवर आली कळ?" शेजाऱ्यानं विचारलं.

तात्यानं डोळे मिटून अदमास घेतला. "कोपरापतुर."

मी थांबणारच होतो. पण कळ एखाद्याच्या कोपरापर्यंत आलेली असताना कोणाला थांबता येतं? पुन्हा म्हटलं. मनगटापर्यंत आली. पुन्हा म्हटलं. संध्याकाळी तात्या स्वतःच्या पायांनी घरी गेला. आमच्याकडच्या काळ्या विंचवाची कळ काही वेळानं आपोआपच उतरते, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी समजावलं. ते मी तात्याला समजावलं. बिचाऱ्या डॉक्टरला मंतर येत न्हाय, त्यो दुसरं काय बोलनार, असं तात्या म्हणाला.

त्यानंतर मला सवड म्हणून राहिली नाही. तात्यानं मला नियम सांगितले. आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. सुपारीसुद्धा घ्यायची नाही. आणि ग्रहणात वाहत्या पाण्यात उभं राहून मंत्र म्हणायचा, नाहीतर तो झोपी जातो. हे ऐकून मी हसलो. पण त्या पावसाळ्यात सूर्यग्रहण आलं आणि मी कालव्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून देणे या क्रियापदाची सगळी रूपं म्हटली. माझी मी अशी समजूत घातली की उजळणी कुठंही केली तरी उजळणीच. काठावर माझं सुकं धोतर धरून तात्या उभा होता. नेमके त्याच वेळी आमचे हेडमास्तर टांग्यातून चालले होते. त्यांनी टांगा थांबवून विचारलं, तुम्ही संस्कृतच शिकवता ना? मी उत्तर देणार तोच तात्यानं त्यांना हातानं गप केलं.

"आता बोलू नका, सायेब. मंतर जागा व्हतोय."

गणपतीला इंदापूरला घरी गेलो तर माझी कीर्ती माझ्या आधीच्या मोटारीनं पोचलेली. ओट्यावर एक बाई बोट धरून बसलेली आणि आईनं तिला पाणी दिलेलं. आई फार कमी बोलायची. ती एवढंच म्हणाली की तू संस्कृत शिकलास तेव्हा आपल्या दारात कुणी आलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली. मी फोंड्याला कशासाठी जातो आहे हे अखेर तात्याला सांगावं लागलं. तो एकदम खाली बसला. दुसऱ्याला मोठ्यानं शिकवला की मंत्र जातो, असा नियम होता आणि मी तर तो परीक्षेत म्हणून दाखवणार होतो.

"बायकूपायी मंतर घालवताय व्हय?" तो म्हणाला. "मग हितल्या मानसांनी कुनाकडं जायचं?"

मला राग आला. मग वाईट वाटलं. पण ती मुलगी मला हवी होती, मंत्र नव्हे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वाटेत थांबला होता. त्यानं रात्रभर विचार करून तोड काढली होती. परीक्षेपुरतं म्हणा, पण फुंकर घालू नका. फुंकर घातली नाही तर मंत्र आपल्यापाशीच राहतो. मी त्याला तसा शब्द दिला.

फोंड्याच्या त्या घराच्या पडवीत वकीलसाहेब खुर्चीवर बसले होते. मांडीवर पाटी. मामा आणि आई बाजूच्या बाकावर. आतल्या दाराशी लुगड्याचा एक हिरवा काठ दिसत होता आणि तो कुणाचा हे मला सांगायला नको होतं. वकीलसाहेबांनी पेन्सिल उचलली. त्या पुस्तकात हजारो रूपं असतील. त्यांनी नेमकं माझंच लिहिलं. देवानं पाठीवर हात ठेवल्यासारखं मला वाटलं. मी उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेलो, घसा खाकरला आणि मंदाक्रांतेत सुरू केलं.

पुढचं माझ्या हातानं केलं, मी नाही. इतक्या महिन्यांत तो शब्द मी रिकाम्या हातानं कधी म्हटलाच नव्हता. 'दा'ला माझा हात वकीलसाहेबांच्या खांद्यावर पडला, 'र्ल्हे'ला कोपरावर, 'या'ला मनगटावर, आणि 'मोस'ला मी त्यांची बोटं धरून त्यांवर चांगली लांब फुंकर घातली.

मग आत काहीतरी पितळेचं पडलं आणि तेच हसू ऐकू आलं, या वेळी मोकळ्या गळ्यानं. आईनं पदर तोंडाला लावला. मामा छताकडं पाहू लागले.

हे काय होतं, असं वकीलसाहेबांनी विचारलं. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. मी कालव्यापासून सगळं सांगितलं. तात्या, पाचट, ग्रहण, हेडमास्तर, आणि फुंकर न घालण्याचा शब्दसुद्धा. साक्षीदाराचं ऐकावं तसं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग पाटी पुसून तो शब्द पुन्हा लिहिला आणि सावकाश तोडला. दार, ल्ये, ई, अ, मुश. माझा एकही तुकडा त्यात नव्हता.

मी बाकावर जाऊन बसलो. मला रडू यायला लागलं होतं. नापास झाल्याचं नव्हे. परतीच्या गाडीत आई काही बोलणार नाही आणि ते हसू आता दुसऱ्या कुणाच्या घरात जाईल, याचं.

"त्या माणसाची कळ उतरली?" वकीलसाहेबांनी विचारलं.

उतरली, पण ती उतरणारच होती, मी म्हटलं.

"आणि किती जणांना तुम्ही परत पाठवलंत?"

परत पाठवता येत नाही, तसा नियम आहे, असं मी सांगितलं. त्यांनी आपला तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. 

"हा शब्द चुकला म्हणून शाळेत या हातानं छड्या खाल्ल्या आहेत," ते म्हणाले. "तेव्हापासून मी तो बरोबर तोडतो. पण त्यानं कुणाचा दुखरा हात बरा झाल्याचं मला आठवत नाही."

आणि त्यांनी आत वळून साखर आणायला सांगितली. साखर कशासाठी हे मला एकट्यालाच उशिरा कळलं.

कचेरीत लग्नाची नोंद झाली तेव्हा कारकुनानं रिवाजाप्रमाणे विनोद केला. मी कागद वाचतो आहे असा चेहरा करून उभा होतो. नवरीनं कारकुनाला पोर्तुगीजमधूनच काहीतरी उत्तर दिलं. तो लाल झाला, सगळे हसले आणि मीही सगळ्यांबरोबर मनमोकळा हसलो. ती काय म्हणाली हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

बारामतीला आल्यावर मी तात्याला खरं ते सांगितलं, की शब्द मोडला, फुंकर गेली. त्यानं कपाळाला हात लावला. थोड्याच दिवसांत त्याच्या भावजयीला मिरच्या तोडताना विंचू चावला. तात्या तिला घेऊन आला खरा, पण चेहऱ्यावर आशा नव्हती. मी आपलं सुरू केलं. दुसऱ्यांदा म्हणत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, असं नाही ते. आणि पदराला हात पुसत ही बाहेर आली, दारात उभी राहिली आणि तो शब्द तिनं तोडून दाखवला, वर्गात सांगावा तसा. दार, ल्ये, ई, अ, मुश. 

तात्यानं लगेच भावजयीला विचारलं, कुठवर आली? ती म्हणाली, मनगटाशी. तात्याच्या डोक्यात उजेड पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. मंत्र गेला नव्हता, घर बदलून आला होता. मास्तरांकडं कच्चा व्हता, बाईंकडं पक्का हाय, असं त्यानं कालव्याच्या दोन्ही अंगांना सांगितलं. मग माणसं दारात येत, मला रामराम घालत आणि विचारत, बाई हायत का? ही आलेल्या प्रत्येकाला आधी दवाखान्यात जायला सांगे, टांगा येईपर्यंत तो शब्द म्हणे आणि आत जाऊन माझ्या मंदाक्रांतेवर हसे. मला त्याचा पुष्कळ दिवस राग होता. मंत्राबिंत्रावर माझा विश्वास नाही असं मी शाळेत मोठ्यानं बोलू लागलो.

पुढच्या पावसाळ्यात सरपणातून लाकूड काढताना मला विंचू चावला. आजवर मी लोकांना 'आपोआप उतरेल' असं किती सहज सांगत आलो होतो, ते मला पहिल्या क्षणाला आठवलं. बोटापासून खांद्यापर्यंत निखारा सरकत होता. हिनं शेजाऱ्याला टांग्यासाठी पिटाळलं, ओलं फडकं आणलं, माझ्याजवळ बसली. ती घाबरली होती आणि मला ते पाहून, दुखत असतानाही, फार बरं वाटलं.

तोवर म्हण, असं मी म्हटलं.

तुमचा तर विश्वास नाही, असं ती म्हणाली. माझाही नाही.

म्हण, मी म्हटलं.

तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि तो शब्द तोडायला सुरुवात केली, हळू, एकही तुकडा न चुकवता, आणि तिचा हात माझ्या खांद्यापासून बोटापर्यंत खाली आला. कळ तसूभरही हलली नाही. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, डॉक्टरांचं सांगणंही पाठ होतं. टांगा अजून यायचा होता.

"कुठवर आली?" तिनं विचारलं.

"कोपरापर्यंत," मी म्हटलं.